पान दोनशे अकरा

रुग्णालयाच्या फाटकासमोर आमचं दुकान, रात्रभर उघडं.
साडेअकराला हसमुखभाई गल्ला मोजून घरी जातात
आणि मी काउंटरखालून कादंबरी काढते.
लायब्ररीची. मुखपृष्ठावर ओल्या पावलाचा ठसा.
पहिल्याच पानावर कुणी पेन्सिलीनं लिहिलंय: रात्री वाचू नये.
खाली दुसऱ्या अक्षरात: मग केव्हा?

गोष्ट पुण्याकडच्या टॉवरमधली, चौदावा मजला.
रोज तीन दहाला बेल वाजते.
दाराच्या कॅमेऱ्यात रिकामा पॅसेज,
फक्त पायपुसणं जरा दबलेलं.
घरातल्यांना नियम एकच: तिचं नाव घ्यायचं नाही.
तीनदा घेतलं की ती आत येते.

मला हसू येतं. आमच्या बडोद्यात
विश्वामित्रीला पूर आला की मगर सोसायटीच्या पार्किंगमध्ये येते,
वनखात्याची माणसं पोचेपर्यंत
लोक गॅलरीतून तिचे फोटो काढतात.
आम्हाला पायपुसण्याची काय भीती?

तरी पान एकशे नव्वदला
मी उठून फ्रिजच्या मागे बघून आले.
तो घरघरत असतो, मग एकदम गप्प होतो.
ते गप्प होणं लिहिणाऱ्याला माहीत आहे.

मध्ये गिऱ्हाइकं.
एकीला मोठ्या माणसाचे डायपर हवे होते,
साइझ विचारली तर वडिलांची कंबर सांगता येईना,
दोन्ही हातांनी तिनं हवेत गोल करून दाखवला.
एकजण "बेन, जल्दी" म्हणत चिठ्ठी टाकतो.
डॉक्टरचं अक्षर लावताना माझ्या पोटात जे होतं
ते या कादंबरीनं अजून केलेलं नाही.

पान दोनशे अकरा. बेल वाजते. सून दाराकडे निघते.
आणि काचेचं दार ढकलून विंचूरकर आत येतात,
दांडिया बाजारातून चालत, हातात बर्फाचा थर्मास.
झोप नसते म्हणून याच वेळी येतात.
आज पाच तारीख.

इन्सुलिन, दोन व्हायल.
काकू मे महिन्यात गेल्या. मला त्यांनीच सांगितलं,
"गेली हो," म्हणाले, आणि लगेच, "दोन द्या."
तेव्हापासून मी काही विचारत नाही.
चिठ्ठी जुनी आहे हे हसमुखभाईंना माहीत नाही.

त्यांची नजर पुस्तकावर.
"भुताची?"
हो म्हटलं.
"ती परत येते का?"

सांगता आलं असतं. शेवट मी चोरून वाचलाय,
घाबरट माणसं वाचतातच.
दोनशे पानं ते सगळं घर
कड्या, लिंबं, कॅमेरे, सुट्टीच्या दिवशी येणारा मांत्रिक,
खटपट एवढीच की तिनं येऊ नये.
आणि हे, थर्मासचं झाकण हातात धरून,
स्टेशनवर चौकशीच्या खिडकीशी विचारावं
तसे विचारताहेत.

"अजून वाचून झालं नाही," मी म्हटलं.
"झालं की सांगा."

"पेशंटचं नाव?"
विचारावंच लागतं, बिल पुढे सरकत नाही.
"कुमुदिनी विंचूरकर."
कुमुदिनी, मी टाइप करता करता पुटपुटले, सवय आहे.
प्रिंटरनं करकरत कागद काढला,
त्यांनी चष्मा कपाळावर नेऊन तो डोळ्यांजवळ धरला,
मोठ्यानं वाचला: कुमुदिनी विंचूरकर. बरोबर.

मी मोजलं नाही.
मोजणं हे त्या सुनेचं काम.

व्हायल कागदात गुंडाळून बर्फावर ठेवल्या.
गोठलं की निकामी होतं, मी दर वेळी सांगते,
ते दर वेळी मान डोलावतात.
जाताना त्यांनी दार ओढलं,
स्वतः बाहेर पडले
आणि तरी धरूनच ठेवलं थोडा वेळ,
जानेवारीची हवा सरळ आत येत होती,
मागून येणाऱ्यासाठी धरतात तसं.
मग सोडलं.

दारापाशी आमचंही एक पायपुसणं आहे.
मी तिकडे न बघता
पान उलटलं.